मदत हवी आहे: पक्षाघातानंतर वडिलांची वाचा गेली आहे, घरी सराव कसा घ्यावा?

नमस्कार मंडळी,

माझे वडील (वय ६७, आम्ही अण्णा म्हणतो) एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. चार महिन्यांपूर्वी एका पहाटे जाग आली तेव्हा उजवा हात-पाय लुळा आणि तोंड वाकडं. तातडीनं कराडला नेलं. पण मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि झटका झोपेत कधी आला हे सांगता येईना. ते राहिलं. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसलाय.

चालणं सुधारलंय, चार पायांची काठी घेऊन ओसरीपर्यंत येतात. नाकातली नळीही निघाली.

जीव तुटतो तो बोलण्यापायी. डॉक्टर याला अफेजिया म्हणतात. आपलं बोलणं बहुतेक समजतं, पण शब्द सापडत नाही. पाणी हवं असलं की "ते... ते..." करतात. नको असताना "हो" निघून जातं, मग चिडून डावा हात खाटेवर आपटतात. भेटायला येणारे लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्यानं बोलतात, ते त्यांना फार लागतं. कुणी म्हणालं पाटी द्या, लिहून दाखवतील. दिली. लिहिण्यातले शब्दही याच आजारात अडकतात हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. बराच वेळ धडपडून एक 'क' काढला आणि पाटी उलटी ठेवली.

गेल्या रविवारी जेवताना मी सहज "कराड..." म्हटलं, तर अण्णा एका दमात म्हणाले, "मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, पोफळी, शिरगाव, चिपळूण!" आवाज अगदी पूर्वीचा. आई घास हातात धरून तशीच बसली. लगेच नुसतं "पाटण" म्हणायला सांगितलं, तर जमेना. वार, आकडे, आरती, सगळं असंच ओळीनं येतं. वाचाउपचार करणाऱ्या ताई म्हणतात, घोकलेलं बोलणं बऱ्याचदा शाबूत राहतं, त्याचा आधार घ्या. पण त्यांची भेट पंधरा दिवसांतून एकदा, मधले दिवस आमच्याच हातात.

या ओळीतल्या शब्दांपासून रोजच्या "पाणी", "नको", "दुखतंय" पर्यंत कुणी आपल्या माणसाला आणलंय का? दिवसातून किती वेळ, कसं? मराठीत चित्रांचा तक्ता किंवा सरावाचं साहित्य कुठे मिळेल? मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेत मोठ्या माणसांना नेऊन आलेलं कुणी असेल, तर अनुभव नक्की लिहा. व्हिडिओ कॉलवरचे उपचार या आजारात उपयोगी पडतात का?

आणखी एक. उजवा खांदा सैल पडलाय. तो हात ओढून उठवायचं नाही असं फिजिओथेरपिस्टनी बजावलंय, पण एकट्या आईला दुसरं जमत नाही. कमरेला पट्टा बांधून कुणी उठवत असाल तर तो कोणता, कसा धरायचा?

सोमवारी माझी रजा संपते, मला पुण्याला परतायचंय. त्याआधी आईला हे शिकवून जायचं आहे.