फ्री आयर्ननं प्रोटीन खराब होतं म्हणजे नेमकं काय?

सोलापुरी_लॅबवाला: सात रस्त्याजवळ लॅबमधी शिकतोय, सर म्हणले फ्री आयर्न रक्तातलं प्रोटीन ऑक्सिडाइज करतं. मग लोकं आयर्नच्या गोळ्या कशाला खातेत?

केमिस्ट्रीवाली: 'फ्री' महत्त्वाचं. एरवी ट्रान्सफरिनचा (रक्तात आयर्न वाहून नेणारं प्रोटीन) एक रेणू दोन फेरिक आयन (तीन प्लस चार्जचं आयर्न) धरून फिरतो, मोकळं सोडतच नाही. सारखं रक्त चढवलेल्या थॅलेसेमियाच्या (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार) पेशंटमध्ये ट्रान्सफरिन भरून जातं, मग सुटलेलं फेरस (दोन प्लस चार्जचं आयर्न) हायड्रोजन पेरॉक्साइडला भिडतं आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल (लगेच रिअ‍ॅक्ट होणारा कण) निघतो (फेंटन रिअ‍ॅक्शन, १८९४ ची), तो जिथं तयार होतो तिथंच समोर दिसेल त्याला चावतो, प्रोटीनमधल्या लायसिन-प्रोलिन या अमिनो आम्लांवर कार्बोनिल (C=O) गट बनतात, हेच प्रोटीन खराब होणं.

सोलापुरी_लॅबवाला: आन हिमोग्लोबिन?

बे_डॉक्टर: त्यातलं फेरस फेरिक झालं की मेथहिमोग्लोबिन बे, ऑक्सिजन धरत नाही, जास्त झालं तर रक्त चॉकलेटी दिसतं. थोडं रोजच होतं, एन्झाइम परत फेरस करतं. अ‍ॅनिमियावाल्यानं डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या सोडू नये!