कुत्र्यांच्या लसी: तुमचे अनुभव सांगा

पाऊस तोंडावर आलाय, कितीतरी घरात नवी पिल्लं आलीत, आणि पहिलं इंजेक्शन झालं की लोक पुढचं विसरतात. ज्यांनी कुत्रे पाळलेत त्यांनी जरूर लिहा.

फोंडा
आमच्या चिंगीला दीड महिन्याची असताना पहिला सेव्हन-इन-वन (बऱ्याच रोगांवरची एकत्र, म्हणजे कॉम्बिनेशन लस) दिला, मग दर तीन-चार आठवड्यांनी, चार महिन्यांची होईपर्यंत. सासूबाई म्हणाल्या, एवढ्याशा जिवाला किती टोचशील गो? तर डॉक्टर म्हणाले, आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असते तोवर ती लसीलाच लागू पडू देत नाही, आणि ती कधी संपते ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं, म्हणून परत परत द्यायची. शेजारी एकावर थांबले, त्यांच्या पिल्लाला पार्वो झाला. रक्ताची हगवण, तो वास अजून नाकात आहे, सलाईन लावूनही नाही वाचलं. विषाणू मातीत कित्येक महिने राहतो, त्यामुळे त्यांना सांगितलंय, दुसरं पिल्लू इतक्यात आणू नका.

म्हापसा
रेबीजची तीन महिन्यांनंतर, मग बूस्टर दरवर्षी. आमच्या वाड्यावर मिशन रेबीज या संस्थेची माणसं जाळी घेऊन येतात, रस्त्यावरच्या कुत्र्यांना टोचतात आणि अंगावर रंगाची खूण करतात, म्हणजे कोण राहिलं ते लांबून कळतं. 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर झाला त्यामागे ही मेहनत आहे, मला खरंच अभिमान वाटतो. तरी घरच्याची लस चुकवू नका. आणि कुत्रा चावला तर, त्याची लस झालेली असली तरी, जखम साबणाने 15 मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा.

सांगे
कुळागरात उंदीर फार. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंचा आजार) उंदराच्या मुतातून चिखलात येतो, माणसालाही होतो. कार्डावरच्या स्टिकरवर शेवटी 'एल' आहे का बघा, तो लेप्टोचा. आम्ही दरवर्षी मेमध्येच उरकतो.

मडगाव
लस दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. आमच्या कुत्रीचं तोंड बघता बघता सुजलं, डोळे मिटले, तिथेच होतो म्हणून लगेच इंजेक्शन मिळालं.

वास्को
रस्त्यावरची मोठी कुत्री घरी आणलीय, कार्ड नाही. काय करू?

फोंडा
वास्कोच्या ताई, कार्ड नाही म्हणजे लस झालीच नाही असं धरायचं. आधी तपासणी, जंताचं औषध, मग मोठ्या कुत्र्याला कॉम्बिनेशनचे दोन डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने आणि रेबीजची वेगळी. गोचीडतापाला मात्र आपल्याकडे लस नाही, कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात रोज बघा.