गुन्हेगार वस्ती, फुकटची घरं, पीएपी : हे शब्द नेमके कसे वापरायचे?

चाळकरी
आमच्या सोसायटीच्या मागच्या प्लॉटवर प्रकल्पग्रस्तांसाठी बिल्डिंग येणार असं कळलंय आणि तेव्हापासून ग्रुपवर नुसता धुरळा उडालाय. कोणी म्हणतं झोपुवाले येणार, कोणी म्हणतं ट्रान्झिट कॅम्प होणार, कोणी पीएपी म्हणतं, आणि सगळ्यांची गाडी शेवटी एकाच जागी येऊन थांबते, फुकटची घरं मिळालेली माणसं आली की एरिया बिघडतो, चोऱ्यामाऱ्या वाढतात, फ्लॅटचे भाव पडतात. एकाने तर "आता आपल्या शेजारी गुन्हेगार वस्ती होणार" असंच लिहिलं. मला विचारायचंय की हे सगळे शब्द एकच का वेगवेगळे, आणि 'गुन्हेगार वस्ती' असं मराठीत म्हणतात का? वस्ती गुन्हेगार कशी असेल? आणि सरकारी घरं आली की गुन्हे वाढतात हे खरं आहे का, तेही माहीतगारांनी सांगा. रविवारी मीटिंग आहे, मला तिथे बोलायचंय.

एफएसआय
वेगवेगळे आहेत. झोपु म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन, पेपरवाल्यांनी एसआरए म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या योजनेसाठी रूढ केलेला शब्द. १९९५ मध्ये मुंबईत हे प्राधिकरण झालं, पात्र झोपडीधारकाला आधी २२५ चौरस फुटांचं घर होतं, मग २६९ झालं, आता ३००. बिल्डरला त्या बदल्यात जादा एफएसआय, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधकाम करायची परवानगी मिळते, त्यातून तो विक्रीची बिल्डिंग बांधतो आणि खर्च-नफा दोन्ही काढतो. ट्रान्झिट म्हणजे संक्रमण शिबिर, जुनी इमारत पडली किंवा धोकादायक झाली की म्हाडा रहिवाशांना तात्पुरतं तिकडे पाठवते, आणि तात्पुरतं म्हणता म्हणता काहींची अर्धी हयात तिथेच जाते. पीएपी म्हणजे प्रकल्पग्रस्त, रस्ता, रेल्वे, नाला, मेट्रो यांच्यासाठी ज्याचं राहतं घर पाडलं तो.

मग यात 'फुकट' कुठे बसतं? प्रकल्पग्रस्ताचं घर घेतलंय म्हणून त्याला घर दिलंय, त्याला मराठीत मोबदला म्हणतात. कोयनेत ज्याचं गाव बुडालं तोही प्रकल्पग्रस्तच आणि त्याच्याबद्दल आपण हळहळतो, मग रेल्वेलाइनला ज्याचं घर गेलं त्यालाच आपण फुकट्या का म्हणतो? झोपुतही सरकार तिजोरीतून घर बांधून देत नाही, खर्च निघतो तो त्याच जमिनीच्या भावातून. फारतर 'मोफत' म्हणा, कागदावर तोच शब्द आहे, पण 'फुकट' म्हटलं की लायकी नसताना मिळालं असा वास येतो आणि पुढचं सगळं बोलणं मग त्याच वळणाने जातं.

सोलापुरी
'गुन्हेगार वस्ती' यावर आमच्या गावाला सांगण्यासारखं बरंच आहे. सोलापुरात सेटलमेंट आहे, रिक्षावाल्याला नुसतं सेटलमेंट म्हटलं तरी कळतं. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा केला, त्याचं मराठी झालं 'गुन्हेगार जमाती कायदा', आणि पारधी, कैकाडी अशा कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. त्यांना तारेच्या कुंपणात आणून बसवलं. रोज हजेरी, बाहेर जायचं तर पास, पोरंबाळं त्याच कुंपणात, आणि मोठ्यांनी गिरणीत राबायचं. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, म्हणून 'विमुक्त' हा शब्द आला, म्हणजे सुटलेले.

नीट बघा, इथे सरकारी घर आधी आणि मग त्यामुळे गुन्हे असं झालंच नाही. आधी शिक्का मारला आणि शिक्का मारलेल्यांना एका जागी डांबलं, मग पुढच्या पिढ्यांना त्या पत्त्यावरून काम मिळेना. कायदा जाऊन सत्तरवर वर्षं झाली तरी चोरी कुठेही झाली की पोलीस आधी कुठे जातात ते या लोकांना विचारा. म्हणून 'गुन्हेगार वस्ती' ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो.

व्याकरणवेडी
सोलापुरींच्या मुद्द्याला जोडून. 'गुन्हेगार' हे विशेषण थेट वस्तीला लागलं की तिथला तान्हा पोर सुद्धा त्यात येतो, 'गुन्हेगार जमाती' मध्ये हेच झालं होतं. पण आपल्याकडे 'ग्रस्त' हा सरळ पर्याय पडलेला आहे, दुष्काळग्रस्त गाव, पूरग्रस्त कुटुंब, प्रकल्पग्रस्त. दुष्काळग्रस्त म्हणजे दुष्काळ पाडणारा असं कोणी समजत नाही. तसं 'गुन्हेगारीग्रस्त वस्ती' म्हटलं की अर्थ होतो तिथल्या लोकांना गुन्ह्यांचा त्रास आहे, आणि बहुतेक ठिकाणी वस्तुस्थिती तीच असते, मोबाइल आधी त्यांचाच मारला जातो, पोरगी रात्री क्लासवरून येताना घाबरते ती त्यांचीच.

आणि वस्ती हा मुळात किती चांगला शब्द! वाडी-वस्ती, पाहुणे वस्तीला राहिले, एसटीची वस्तीची गाडी. शहरात येऊन त्याचा अर्थ नुसता झोपडपट्टी उरला हे फार वाईट झालं.

सेंट लुईसवाला
मी अमेरिकेत, मिझुरीतल्या सेंट लुईसला राहतो. इकडे प्रोजेक्ट्स हा शब्द तसाच वापरतात, मूळ अर्थ सरकारने बांधलेली भाड्याची घरं, पण बोलताना अर्थ निघतो 'तिकडे जाऊ नको'. आपली मराठी मंडळी घर शोधताना एकमेकांना हळूच सांगतात, त्या बाजूला सेक्शन एट आहे. सेक्शन एट म्हणजे १९३७ च्या गृहनिर्माण कायद्यात १९७४ मध्ये घातलेलं कलम, त्यात गरीब कुटुंब खासगी घर भाड्याने घेतं आणि भाड्याचा मोठा भाग सरकार भरतं.

चाळकरींनी सरकारी घरं आणि गुन्हे यांचं नातं विचारलंय म्हणून आमच्या गावचं सांगतो. इथे प्रुइट-आयगो नावाची वसाहत होती, १९५४ पासून लोक राहायला आले, अकरा मजल्यांच्या ३३ बिल्डिंगा. पैसे वाचवायला लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबायचीच नाही, पहिला, चौथा, सातवा, दहावा, बाकीच्यांनी जिन्याने चढ-उतर करायची, आणि लूटमार व्हायची ती त्या जिन्यांत. मेंटेनन्स भाड्यातून करायचा होता, भाडेकरू कमी झाले तशी डागडुजी बंद, डागडुजी बंद म्हणून आणखी लोक गेले, शेवटी १९७२ ला सुरुंग लावून पाडायला सुरुवात केली. मदतीचे नियमही असे की धडधाकट बाप घरात राहत असेल तर बाईला पैसे मिळायचे नाहीत, म्हणजे मदत घ्यायची तर नवऱ्याला घराबाहेर काढायचं. वेल्फेअरने नुकसान केलं म्हणणाऱ्यांचं इथे मला पटतं, पण ते नुकसान त्या अटीने केलं, पैशाने नाही.

आता खरी गोष्ट. रस्त्याच्या पलीकडेच कार स्क्वेअर व्हिलेज नावाची जुनी, कमी मजल्यांची सरकारी वसाहत होती, माणसं तशीच, गरिबी तशीच, मदतही तशीच. ऑस्कर न्यूमन या आर्किटेक्टने नोंदवलंय की प्रुइट-आयगो उद्ध्वस्त होत असताना ती वसाहत पूर्ण भरलेली आणि बिनघोर होती. सेक्शन एटवरही २०१२ मध्ये दहा मोठ्या शहरांचा अभ्यास आला, तर ही कुटुंबं आल्यामुळे गुन्हे वाढले याला फारसा आधार सापडला नाही. उलट जिथे गुन्हे आधीच वाढत होते तिथे ही कुटुंबं जात होती, कारण स्वस्त घरं तिथेच असतात आणि घरमालक त्यांना तिथेच उभं करतात.

पार्किंग नंबर बारा
सगळं मान्य, पण आमच्याकडे बाजूला झोपुची बिल्डिंग झाल्यावर बाइक चोरीला गेल्यात, गर्दुल्ले जिन्यात बसतात, हे मी डोळ्यांनी बघतोय. प्रत्येक वेळी आम्हाला शब्द शिकवायचे आणि आमचा त्रास खोटा ठरवायचा हे काय बरोबर नाही.

मानखुर्द लोकल
पार्किंग भाऊ, तुमचा त्रास खोटा नाही, मी अशाच पीएपी बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर राहते आणि गर्दुल्ल्यांना आम्ही तुमच्यापेक्षा जास्त वैतागलोय. ते आमच्या बिल्डिंगचे नाहीत, बाहेरून येतात, कारण त्यांना माहितीय इथे वॉचमन नाही, गेट मोडलंय, पॅसेजमध्ये ट्यूब लावली की दोन दिवसात गायब, आणि मीटररूमला दारच नाही. वीज बिल थकलं म्हणून लिफ्ट बंद, मग रात्रपाळीवरून येणारी बाई मोबाइलची टॉर्च लावून सात मजले चढते. दोन बिल्डिंगांच्या मधल्या फटीत कचरा इतका साचलाय की खालच्यांच्या खिडक्या कायम बंद. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडचा तर अभ्यासच झालाय, खालच्या मजल्यांवर ऊन-वारा नाही म्हणून तिथे टीबी जास्त. जिथे ऊन येत नाही तिथे नजरही पोचत नाही ना.

आणि एक सांगते, आधी आम्ही रेल्वेलाइनला पत्र्याच्या घरात होतो तेव्हा गल्लीत कोण आलं कोण गेलं सगळ्यांना माहीत असायचं. इकडे लॉटरीने घरं दिली, शेजारी फुटले, कोणाचा पोरगा कुठला ते कळेना, कामं लांब राहिली, पोरांच्या शाळा सुटल्या. पंधरा-सोळाचा मुलगा दिवसभर जिन्यात बसला की त्याला कोणीतरी हेरतंच. माझा मुलगा डिलिव्हरीच्या कामाला गेला तर पत्ता बघून त्याला परत पाठवलं. त्याला तुम्ही गुन्हेगार वस्तीतला म्हणालात तर त्याने काय करायचं?

चाळकरी, रविवारी तुम्हाला बोलायचंच आहे तर हे विचारा. दोन बिल्डिंगांत अंतर किती सोडलंय? लिफ्ट आणि पॅसेजच्या लाइटचं बिल पहिली काही वर्षं कोण भरणार, सोसायटी रजिस्टर कोण करून देणार? एकाच जागच्या लोकांना एकाच बिल्डिंगमध्ये ठेवणार का लॉटरी काढणार? तुमच्या भागातल्या पालिकेच्या शाळेत जागा आहेत का? आणि मधली भिंत बांधणार असाल तर तिच्यात एक गेट ठेवायला सांगा, आमच्याकडे पलीकडच्या सोसायटीने सलग भिंत घातली आणि आता ती मागची गल्ली गर्दुल्ल्यांची झालीय, दोन्ही बाजूंना त्रास.