हडपसरच्या लढाईत फक्त सरदारच होते का?

मोडीवाचक:
‘ऐतिहासिक कादंबरीत कुणबी, तेली, बाजारबुणगे घुसवून लेखकांनी नुसती रडारड मांडली आहे, वाचकाला तलवारी हव्यात’ असं काल इथं एकानं लिहिलं आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला ते झोंबलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

२५ ऑक्टोबर १८०२ घ्या. ऐन दिवाळी. हडपसरला एकीकडे यशवंतराव होळकर, दुसरीकडे पेशवे आणि शिंद्यांची फौज. दुसरा बाजीराव पेशवा पळाला, ३१ डिसेंबरला इंग्रजांशी वसईचा तह झाला. एवढं सगळ्यांना पाठ आहे. पण त्या हजारो घोड्यांनी खाल्लं काय? रोज कही, म्हणजे चारा-दाणा आणायला जाणारी टोळी, निघायची आणि कुणाचं तरी उभं पीक कापून न्यायची. त्यानंतर १८०३-०४चा दुष्काळ पडला, तो काय एकट्या पावसानं आणला? माझी आजी तिच्या आजीकडून ऐकलेलं सांगायची: फौज आली की पेवाच्या, म्हणजे जमिनीतल्या धान्याच्या खड्ड्याच्या, तोंडावर म्हैस बांधायची आणि शेणाचा सडा घालायचा, म्हणजे खालची पोकळ जमीन कुणाला कळत नाही. ती म्हैसही नेली तर? कादंबरी तिथं सुरू होते, शनिवारवाड्यात नाही.

मोडी कागदांत गावापुढं ‘बेचिराख’ असा एकच शब्द येतो. म्हणजे दिवा लावायलाही माणूस उरला नाही. पुढं कौल म्हणजे अभय देऊन, इस्ताव्यानं म्हणजे आधी कमी आणि मग दरसाल थोडा वाढणारा सारा ठरवून ती गावं पुन्हा वसवावी लागली. परत आलेल्या त्या पहिल्या कुटुंबाची गोष्ट तलवारीपेक्षा लहान कशी?

भीमथडी:
माझा विरोध सामान्य माणसाला नाही, खोट्या सामान्य माणसाला आहे. माणसं १८०२ची आणि डोकं आजचं. मी वाचलेल्या एका कादंबरीत कुणब्याची बायको नवऱ्याला म्हणते, ‘सत्तेच्या पटावर आपण प्यादी.’ आणि दुसऱ्या दिवशी एकादशीला साबुदाण्याची खिचडी करते! पुस्तक तिथंच मिटलं.

चुलीपाशी:
साबुदाण्याचं अगदी बरोबर. सेलमला साबुदाण्याचे कारखाने निघाले ते १९४०च्या दशकात. घाटावरच्या खेड्यात १८०२ साली उपासाला वरी, राजगिरा, रताळी. शेंगदाण्याचं कूटही मला तिथं खटकेल.

बंदरकाठ:
घाटाखाली बंदरं होती, गलबतं येत होती, हे घाटावरच्यांना कधी आठवणार? परदेशी माल आधी आमच्याकडे उतरायचा.

चुलीपाशी:
बंदरात एखादं पोतं उतरलंही असेल, मानलं. ते हडपसरच्या चुलीवर कसं पोचलं? माझी पणजी चहासुद्धा ताप आला तरच प्यायची, आणि ती विसाव्या शतकातली. स्वयंपाक करणाऱ्या बाईला जरा विचारलं असतं तर लेखकाची ही चूक टळली असती. लढायांच्या तारखा चार वेळा तपासतात, चुलीवरचं भांडं एकदाही नाही. माझा राग त्याचा आहे.

माळव्यातला:
खिचडी राहू द्या. लुटीचं खापर नेहमी होळकरांच्याच माथी का? यशवंतरावांचे भाऊ विठोजी, त्यांना एप्रिल १८०१ मध्ये पुण्यात हत्तीच्या पायी कुणी दिलं? १७९८ साली सर्जेराव घाटग्यानं दौलतराव शिंद्यांसाठी पुण्याचे सावकार छळून पैसा काढला, तेव्हा होळकर होते का? आम्ही चार पिढ्या इंदुरात हेच ऐकत आलो. पुणेकरांनी आधी आपलं घर बघावं.

मोडीवाचक:
माझं पहिलं टिपण पुन्हा वाचा. मी होळकरांना लुटारू म्हटलेलंच नाही. कही सगळ्याच फौजा काढायच्या. ज्याचं पीक गेलं त्यानं निशाण कुणाचं होतं ते बघून काय करायचं होतं? तुम्ही पुन्हा सरदारांवर आलात, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे.

माळव्यातला:
विठोजी तुम्हाला फक्त सरदार दिसतो. कुणाचा तरी भाऊ होता तो. पण पीक सगळ्यांनीच कापलं, हे नाकारत नाही.

भीमथडी:
एक सांगतो, मग वाद घालणार नाही. आमच्या शेताच्या एका तुकड्याला ‘जुनं गावठाण’ म्हणतात. नांगराला तिथं खापरं लागतात. एकदा जात्याची वरची पाळ निघाली, वडिलांनी ती बांधावर ठेवली. गाव का उठलं ते कुणी प्लेगवर ढकलतं, कुणी पेंढाऱ्यांवर. पळताना माणूस पोरं घेईल, भांडी घेईल. जातं कोण उचलणार? त्या जात्यावर दळणाऱ्या बाईवर कुणी लिहिलं तर वाचेन, एवढं कबूल. पण तिच्या तोंडी प्यादी नकोत.

चुलीपाशी:
आणि साबुदाणा नको.

मोडीवाचक:
दोन्ही मान्य. त्या पाळीत खुंटा आहे का अजून?

भीमथडी:
नाही. लाकडाचा होता, कुजून गेला. भोक आहे, आतून अगदी गुळगुळीत. पावसाळ्यात त्यात पाणी साठतं आणि चिमण्या येतात.