संडे स्कूलमध्ये नीतिसूत्रे कशी शिकवावीत?

वेंगुर्ला_रविवार:
पाऊस संपला की १३ ते १६ वयाच्या मुलांसाठी बायबलातलं 'नीतिसूत्रे' हे वचनांचं पुस्तक घ्यायचं आहे. सहा रविवार, प्रत्येकी ४५ मिनिटं. ३१ अध्याय आहेत म्हणून तारखेप्रमाणे रोज एक वाचायला देतात, पण त्यातून मुलांच्या हाती सुट्या वाक्यांचा ढीग येतो. शिवाय २६:४ (अध्याय २६, वचन ४) सांगतं मूर्खाला उत्तर देऊ नको, आणि लगेच २६:५ सांगतं दे. इतिहासाशी जोडून हे कसं शिकवावं?

गडग्यापलीकडे:
पहिले नऊ अध्याय म्हणजे बापानं मुलाला केलेला सलग उपदेश, ते पूर्ण वाचा. दहाव्यापासून वचनं बहुतेक सुटी आणि दोन-दोन ओळींची, ती विषय धरून वेचा. एका रविवारी एक विषय, चार-पाच वचनं आणि एकच घटना. जास्त घेतलं की मुलं पाठ करतात, विचार करत नाहीत.

सुरुवात शलमोन राजाचा मुलगा रहबाम याच्यापासून करा, पण त्याआधी बायबलातल्याच '१ राजे' या पुस्तकाचा ५ वा अध्याय वाचा. मंदिरासाठी लबानोनातलं लाकूड आणायला शलमोनानं ३०,००० माणसं वेठीला धरली. दहा-दहा हजारांच्या पाळ्या, एक महिना डोंगरात, दोन महिने घरी. मंदिराला ७ वर्षं लागली, त्याच्या स्वतःच्या वाड्याला १३. तो गेल्यावर लोक शखेमात जमले आणि एवढंच म्हणाले, आमचं जू हलकं कर (१ राजे १२). रहबामानं तीन दिवसांची मुदत मागितली. वडीलधारे म्हणाले, आज यांच्याशी गोड बोल, हे कायमचे तुझे होतील. बरोबर वाढलेले तरुण म्हणाले, सांग की माझी करंगळी बापाच्या कमरेहून जाड आहे. त्यानं तरुणांचं ऐकलं. इस्राएलाचे दहा वंश हातचे गेले आणि वेठीवरचा अंमलदार अदोराम दगडांखाली मेला.

शेजारी १५:१, १५:२२, १२:१५ आणि १३:२० ही मृदू उत्तर, सल्ला आणि संगत यांवरची वचनं ठेवा. मुलं हमखास म्हणतील की त्यानं सल्ला घेतला नाही. तिथे थांबवा. सल्ला त्यानं दोनदा घेतला होता! मनात होतं ते ऐकवणारी माणसं सापडेपर्यंत तो विचारत राहिला. अर्धा तास यावरच गेला तरी चालेल.

माड_आणि_पोफळ:
याच्या जोडीला मराठी राज्यातल्या रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' हे राज्यकारभारावरचं लिखाण घ्या, १७१५ च्या सुमाराचं. तिथेही राजाला लाकूडच हवं आहे, आरमारासाठी. हुकूम असा की आंबे-फणस तोडू नयेत. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. झाड जीर्ण असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन न्यावं. मग १४:२८ (प्रजा मोठी, त्यातच राजाचं वैभव) वाचून मुलांना विचारा, गरज एकच, मग फरक कुठे पडला? अमात्यांनी हे बायबलातून घेतलं असं मात्र सांगू नका. राज्य करताना आलेलं शहाणपण दोन्हीकडे वेगवेगळं आलं आहे.

हद्दीचा रविवार आपल्याकडे फार महत्त्वाचा. २२:२८ जुनी मेर सरकवू नको म्हणतं, २३:१० अनाथांच्या शेतात शिरू नको म्हणतं. 'आमेनेमोपेची शिकवण' या प्राचीन इजिप्तच्या ग्रंथातही विधवेच्या शेताची हद्द ढकलू नये असं आहे. माणसं मुंबईला, घरात एकटी म्हातारी, आणि गडगा (दगडी कुंपण) दरवर्षी हातभर पुढे. हे मुलांना समजावावं लागत नाही.

खोट्या वजनासाठी (११:१, २०:१०) तराजू आणा. २०:१० मध्ये मूळ हिब्रूत शब्दशः 'दगड आणि दगड' असं आहे, कारण वजनं दगडाची असत. शेकेल हे तिथलं वजन सुमारे ११ ग्रॅमचं. घ्यायचा दगड एक, द्यायचा दुसरा. मासळीच्या वाट्यात वर मोठे, खाली बारके रचणं हीच गोष्ट.

सुकी_सुरमई:
२६:४-५ चं उत्तर दोन्ही वचनांच्या उत्तरार्धात आहे. पहिल्यात 'नाहीतर तूही त्याच्यासारखा होशील', दुसऱ्यात 'नाहीतर तो स्वतःला शहाणा समजेल'. म्हणजे आधी बघायचं की बिघडणार कोण, आपण की तो. व्हॉट्सॲपवरच्या भांडणाचे दोन काल्पनिक नमुने फळ्यावर लिहा आणि कुठलं वचन कुठे लागतं ते मुलांनाच ठरवू द्या.

चुकतं ते एका जागी, वचनाला हमी समजण्यात. २२:६ वाचून 'नीट वळण लावलं की मूल बिघडतच नाही' असं कृपा करून शिकवू नका. रहबाम शलमोनाचाच मुलगा होता. तसंच ६:६ ची मुंगी. उन्हाळ्यात साठवते, म्हणजे आपली आगोट, पावसाळ्याआधीची साठवण. ते मुलांना लगेच कळेल. पण जून-जुलैत मासेमारी बंद असताना ज्या घरात चणचण असते, त्या घरातलं मूलही वर्गात बसलेलं असतं. म्हणून मुंगीबरोबर १३:२३ वाचाच. गरिबाच्या जमिनीत पीक भरपूर येतं, अन्यायानं ते जातं.

वेंगुर्ला_रविवार:
मनापासून आभार. पहिला रविवार रहबाम, दुसरा आज्ञापत्र. जामीन राहण्याचा विषय (६:१-५) या वयाला घ्यावा का?

गडग्यापलीकडे:
सोळा वर्षांच्या मुलांना नक्की. दोन-तीन वर्षांत कुणीतरी बाइकच्या कर्जासाठी सही मागेल. सही आधीच केली असेल तर काय, हेही ६:३-५ मध्ये आहे. झोप घेऊ नको, त्या माणसाकडे जा, विनव, स्वतःला सोडव. ते वगळू नका.