इराणमधल्या इस्फहानची शेख लुत्फुल्ला मशीद पाहिलीय का कुणी? आठवणी लिहा

चाफेकळी:
सकाळी जिन्यातल्या जाळीतून उन्हाची तिरीप भिंतीवर पडली आणि इस्फहान आठवलं. 1976 साल, बाबांची नोकरी तिकडे, मी आठ वर्षांची. मशिदीत शिरलं की आधी अंधारी, वळणाची वाट. मी बाबांचं बोट घट्ट धरलेलं. बाहेरचा चौक किब्ल्याच्या, म्हणजे नमाजाच्या मक्केकडच्या दिशेच्या, रेषेत नाही, म्हणून वाट वळवलीय, हे त्यांनीच सांगितलं. वळण संपलं तसे म्हणाले, "आता वर बघ." घुमटाच्या मधोमध मोर, आणि उन्हाची तिरीप म्हणजे त्याचा पिसारा! बाबा जाऊन चार वर्षं झाली. तुम्हीही लिहा ना.

निळीशाई:
वाचून डोळे भरले गं. मिनार नाहीत, अंगण नाही, राजघराण्यापुरतीच होती ना ती. समोरच अली कापू महाल. 1603 ते 1619, सोळा वर्षं काम! मेहराबात, म्हणजे मक्केकडच्या भिंतीतल्या कोनाड्यात, उस्तादाची सही आहे, मुहम्मद रझा. एवढं घडवून स्वतःला 'फकीर' लिहितो. मी तिथून हललेच नाही. कुकर झाला, येते.

भटकभवानी:
तिकडची मिठाई, गझ, खाल्लंत का कुणी? पिस्त्याचं, पिठात घोळवलेलं. अहाहा!

सह्यकडा:
घुमट बाहेरून बघा, सायीच्या रंगाचा. विटांना झिलई नाही, वेलबुट्टीला आहे. त्यामुळे उन्हात नुसते वेल चमकतात. तासभर बसलो होतो समोर.

रानजाई:
चौकातल्या शाही मशिदीबद्दलही लिहा की. 1611 ला सुरू झाली. रंगीत फरशांचे तुकडे कापून जडवण्यात फार वेळ जातो आणि राजाला, शाह अब्बासला, घाई. मग एकाच फरशीवर सात रंग भरून भाजायचे, हफ्त रंगी. घुमटाखाली वाटाड्याने नोट फडकवली, तर तो आवाजसुद्धा घुमला!

वीटकरी:
मला मात्र इस्फहानच्याच जामे मशिदीचा उत्तरेकडचा घुमट सगळ्यांत प्रिय. 1088 चा. रंग नाही, नुसती वीट. तिथे आपोआप गप्प व्हायला होतं.

डोंगरीकर:
इराण लांब पडत असेल तर आमच्या मुंबईच्या डोंगरीतली मुघल मशीद बघा. इराणी व्यापाऱ्याने 1860 मध्ये बांधलेली, निळ्या फरशा, मधे हौद. शाळेतून येताना रोज दिसायची.

चाफेकळी:
@डोंगरीकर, या रविवारी आईला घेऊन जाते. बायकांना आत सोडतात का?

भटकभवानी:
गझ मुंबईत कुठे मिळेल, तेही सांगा कुणीतरी.