डी७२०० ‘बाद’ म्हणे! पावसात स्क्रीन फिरवून बघणार काय?

घाटवाट
काल एका धाग्यावर फतवा निघाला: ‘ट्रेक आणि पक्षी यांसाठी वापरलेला डीएसएलआर घ्यायचा तर डोळे झाकून कॅनन ८०डी. निकॉन डी७२०० बाद. स्क्रीन फिरत नाही, आणि जुना आहे.’ तिथे उत्तर लिहायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून वेगळं टाकतोय.

जुना म्हणजे किती? डी७२०० २०१५चा, ८०डी २०१६चा. दोघांनाही २४ मेगापिक्सेल, दोघेही आता सेकंडहँडच मिळणार. एका वर्षात असं काय आंबलं?

आता मुद्द्याचं. सह्याद्रीत जून ते सप्टेंबर प्रकाश कसा असतो? कोकणकड्यावर ढग फाटला की वर पांढरंफटक आभाळ आणि खाली दरीत काळपट हिरवं. आभाळ जळू नये म्हणून एक्स्पोजर दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) खाली ओढायचं आणि दरी नंतर रॉमधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधून, वर काढायची, दुसरा इलाज नसतो. डी७२००च्या सावल्या ३ स्टॉप उचलल्या तरी स्वच्छ राहतात, ८०डीच्या तिथे रवाळ व्हायला लागतात. सेन्सर तपासणाऱ्या डीएक्सओच्या मोजणीत डायनॅमिक रेंज, म्हणजे उजेड ते सावली एका फोटोत मावायची ताकद, १४.६ विरुद्ध १३.२ स्टॉप आहे. ‘ब्रॅकेटिंग करा की’ (वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो काढून जोडा) म्हणणाऱ्यांनी वाऱ्यात डुलणाऱ्या गवताच्या तीन फ्रेम जुळवून दाखवाव्यात.

शिवाय डी७२००ला दोन कार्डं, ८०डीला एकच. सीपाच्या (कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या) मोजणीने एका बॅटरीवर १११० फोटो, तिकडे ९६०. शटरचं आयुष्य दीड लाख फोटोंचं, तिकडे एक लाखाचं. आणि सेकंडहँड घेणाऱ्याला सगळ्यात कामाचं: विकणाऱ्याकडून कालपरवाची एक मूळ जेपेग मागवा, निकॉनचा शटरकाउंट (आजवर किती फोटो काढले तो आकडा) एक्झिफमध्येच, म्हणजे फोटोसोबतच्या माहितीतच असतो. ८०डीचा काढायला केबल लावा, सॉफ्टवेअर शोधा. तोवर विकणारा म्हणतो, ‘अहो घरगुती वापर आहे.’

खंड्या
तो फतवा माझा नाही, पण ८०डीची बाजू घ्यायला मी आहे.

१.४ स्टॉप ऐकून ऐकून कान किटले. तो फरक आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००ला. पावसाळी जंगलात १६००च्या खाली कोण असतं? तिथे दोघे जवळपास सारखे येतात. म्हणजे तुमचा हुकमी एक्का फक्त ट्रायपॉडवर चालतो.

बरं, ट्रायपॉडवरच या. धबधबा, शटर अर्धा ते १/१५ सेकंद. आरसा आपटला की नेमका याच पट्ट्यात हादरा दिसतो. ८०डी लाइव्ह व्ह्यूला, म्हणजे स्क्रीनवर बघायच्या मोडला टाका: आरसा आधीच वर, शटरचा पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक, हादरा जवळपास नाहीच. डी७२००ला इलेक्ट्रॉनिक पहिला पडदा नाही. एक्स्पोजर डिले (आरसा उचलून थोडं थांबून फोटो) लावून आरसा शांत करता येतो, शटरच्या पडद्याचं काय करणार?

आणि फिरत्या स्क्रीनची टिंगल करताय तर एकदा कासच्या सड्यावर तो वापरून बघा. सीतेची आसवं वितीपेक्षा उंच नसतात. वाट सोडायची नाही, फुलं तुडवायची नाहीत, आणि कोन मात्र जमिनीलगतचा हवा. वाटेवर उकिडवं बसायचं, हात लांब करायचा, स्क्रीन वर वळवायचा, बोटाने फोकस टेकवायचा, झालं. डी७२००वाला तिथे कुठे झोपणार? फुलांवर?

घाटवाट
@खंड्या काटकोनी व्ह्यूफाइंडर नावाची वस्तू असते, आयपीसला लावून वरून बघता येतं.

खंड्या
असते. बॅगेत आणखी एक डबी, आयपीसवर आणखी एक काच, आणि पावसात धुकं धरायला आणखी एक जागा. धन्यवाद.

टिटवी
तुम्हा दोघांना पक्षी हा शब्द वाचता येत नाही काय? मूळ प्रश्न ट्रेक ‘आणि पक्षी’ असा होता. पक्ष्यांसाठी आधी लेन्स ठरते, मग तिच्या मागे जी बॉडी बसेल ती.

निकॉनकडे २००-५०० एफ/५.६. २३०० ग्रॅम, बॉडी धरून तीन किलोच्या वर. ५०० मिलिमीटरला अॅपर्चर पूर्ण उघडूनही चित्र चांगलं, व्हीआर (हाताची थरथर सावरणारी सोय) उत्तम, पण गळ्यात अडकवून गड चढायची वस्तू ती नव्हे. पुढच्या फिल्टरचा व्यास ९५, म्हणजे साधा संरक्षक फिल्टरही महाग. कॅननकडे जुनी ४०० एफ/५.६ एल (एल म्हणजे कॅननची वरच्या दर्जाची लेन्स) आहे, १९९३ची. १२५० ग्रॅम, आयएस (कॅननचा व्हीआर) नाही. बॉडीसकट दोन किलोच्या आत. उडत्या पक्ष्यासाठी तिच्यासारखी हाताला हलकी लेन्स त्या पैशात नाही. ‘आयएस नाही’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एकच सांगणं: भिगवणला होडीतून फ्लेमिंगो टिपताना शटर १/१६०० असतं, तिथे आयएस असला काय नि नसला काय. तो लागतो पहाटे १/१६०ला बसलेल्या घुबडासाठी, आणि तिथे ही लेन्स मार खाते हेही खरं. वर ३.५ मीटरच्या आत फोकस होत नाही.

पैसे असतील तर कॅननचीच १००-४०० मार्क टू. ९८ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते, फुलपाखरंही होतात. त्यावर १.४चा मार्क थ्री एक्स्टेंडर (लेन्सची पोच वाढवणारी जोडकाच) लावला की एफ/८ होतो, म्हणजे प्रकाश निम्मा, आणि ८०डीवर तरीही २७ फोकस पॉइंट चालतात. डी७२००वर एफ/८ला फक्त मधला एक. उडता पक्षी मधल्या एका पॉइंटवर धरून ठेवा आणि मग मला सांगा.

आयएसओशंभर
मिररलेस (आरसा नसलेला नवा कॅमेरा) घ्या, विषय संपवा.

टिटवी
@आयएसओशंभर दर धाग्यावर हे एकच वाक्य चिकटवण्यासाठी वेगळा पगार आहे का? प्रश्नकर्त्याचं बजेट वापरलेल्या डीएसएलआरचं आहे.

ओलाचिंब
@टिटवी ४०० एल म्हणजे सीलबंद लेन्स, पावसात बिनधास्त. हा मोठा मुद्दा तुम्ही लिहायचा विसरलात.

टिटवी
विसरलो नाही, कारण ते खरं नाही. एल म्हणजे सील हा गैरसमज आहे. ४०० एफ/५.६च्या माउंटला (लेन्स बॉडीला जिथे बसते त्या कड्याला) रबरी कडाच नाही. १००-४०० मार्क टूला आहे. लेन्स उलटी धरा, धातूच्या कड्याभोवती काळी रबरी रेघ दिसली तर सील, नाही तर नाही. ईएफ-एस, म्हणजे कॅननच्या लहान सेन्सरसाठीच्या लेन्सना ती नसतेच, मग ८०डीच्या बॉडीवर सील असून उपयोग काय, पाणी माउंटमधून जाणार. निकॉनवाल्यांनी हसू नये, २००-५००लाही कंपनी हवामानरोधक म्हणत नाही.

घाटवाट
चला, एक तरी वाक्य दोघांना सारखं लागलं.

मळभ
तुम्ही पाणी माउंटमधून जाईल म्हणून भांडा. लेन्स मरते ती डोंगरावर नाही, घरी कपाटात. जून ते सप्टेंबर मुंबई-कोकणात आर्द्रता ८५-९० टक्के. हवा ६५-७०च्या वर कित्येक दिवस राहिली की काचेवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. तिचं आम्ल कोटिंग खातं. पुसून तंतू जातात, खड्डा राहतो. सेकंडहँड लेन्स घेताना अॅपर्चर पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा, पुढून बघा. सरळ मारलात तर काही दिसणार नाही.

सोपाउपाय
तांदळाच्या डब्यात ठेवा. वर्षानुवर्षांचा उपाय आहे, एक पैसा खर्च नाही. ड्राय कॅबिनेट (हवा कोरडी ठेवणारं विजेचं कपाट) वगैरे दुकानदारांचे चोचले.

मळभ
@सोपाउपाय हा उपाय नाही, बुरशीची पेरणी आहे. दुकानातून आणलेल्या तांदळात १२ ते १४ टक्के पाणी असतंच. बंद डब्यात असा तांदूळ भोवतालची हवा ६०-७०च्या आसपास नेऊन तिथेच धरून ठेवतो. बुरशीला हवी तेवढी. वर पिठाची धूळ झूमच्या नळीत.

सोपाउपाय
मग मोबाइल पाण्यात पडला की लोक तांदळात का घालतात? सगळे मूर्ख?

मळभ
मोबाइल तांदळाबाहेर ठेवला तरी तितकाच वाळतो. पुढे बोला.

खंड्या
@मळभ तांदळाचं पटलं, पण कॅबिनेटचा आग्रह मलाही पटत नाही. रबरी पट्टीचा हवाबंद डबा आणि सिलिका जेल (पाणी शोषणारे खडे) पुरतं. गणित करा. ३० अंशाला पूर्ण दमट हवेत घनमीटरला साधारण ३० ग्रॅम पाणी. २० लिटरच्या डब्यात म्हणजे जेमतेम ०.६ ग्रॅम. २०० ग्रॅम जेल ४० ग्रॅमच्या आसपास पाणी पितं. डबा रोज दोनदा उघडलात तरी महिनाभर चालायला हवं.

मळभ
चालायला हवं, पण आठ दिवसांत जेल रंग बदलतं. का? कारण लोक कॅमेऱ्याबरोबर ओला पट्टा आत टाकतात. भिजलेला कापडी पट्टा, लेन्सची मऊ पिशवी, आतला फोम, यांत सहज २०-३० ग्रॅम पाणी असतं. तुमची ०.६ ग्रॅम हवा बिचारी निर्दोष आहे. डब्यात फक्त काच आणि धातू जायला हवा. पट्टा काढून बाहेर, बॅग बाहेर, चामड्याचं कव्हर तर घराबाहेर.

खंड्या
पट्ट्याचा मुद्दा मान्य. कॅबिनेटचा अजून नाही.

ओलाचिंब
जेल परत कसं वापरतात? निळं घ्यायचं की नारंगी?

मळभ
नारंगी घ्या, हिरवं पडलं की भाजायचं. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, तब्येतीला वाईट. ओव्हनमध्ये ११० अंशाला दोन तास, पसरट ताटलीत, थर बोटभरापेक्षा जाड नको. जास्त तापवलंत तर रंग करपतो आणि मग जेल ओलं की कोरडं ते कळत नाही. गरम असतानाच बरणीत झाकण लावून गार करा, उघड्यावर गार केलंत तर तिथेच परत पाणी पितं. आणि ज्या भांड्यात भाजाल त्यात पुन्हा पोहे करू नका.

टिटवी
डब्यात १५-२० टक्क्यांवर नेऊन ठेवणारेही बघितलेत. ४० ते ५०मध्ये थांबा. त्याखाली ग्रिपचं रबर आणि जुन्या लेन्सचं वंगण कडक होतं असं म्हणतात.

मळभ
‘असं म्हणतात’ला पुरावा? ३०च्या खाली गरज नाही एवढं मान्य, पण रबर चिकट होऊन सुटतं ते घामाने आणि उष्णतेने, कोरड्याने नाही.

घाटवाट
अहो, धागा डी७२०० आणि ८०डीचा आहे! वरून खाली येईपर्यंत मी किराणा दुकानात आलो की काय असं वाटलं.

टिटवी
@घाटवाट तुमच्या १४.६ स्टॉपवर बुरशी आली की ४ उरतील, तेव्हा याल इथेच. आणि लेन्सला धुकं धरण्याचं कारणही हेच समजून घ्या. एसी गाडीतून ताम्हिणीत उतरलात की थंड काचेवर बाहेरची वाफ जमते. पुसायचं नाही, परत जमते. गाडीतच कॅमेरा झिप पिशवीत बंद करा, हवा दाबून काढा, बाहेर आल्यावर २०-३० मिनिटं पिशवी उघडू नका. पाणी पिशवीवर जमतं, काचेवर नाही. त्या वेळात झूम अजिबात फिरवू नका, बाहेरची दमट हवा पंपासारखी आत ओढली जाते.

सोपाउपाय
एवढे आकडे पाठ असून उपयोग काय, तुमचं ते आर्द्रतेचं घड्याळ तरी बरोबर दाखवतं का? दोनशे रुपयांचं चिनी खेळणं.

मळभ
हा मात्र पहिल्यांदाच बरोबर प्रश्न विचारलात. स्वस्तातलं बहुतेक चुकीचंच दाखवतं, म्हणून तपासायचं. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यावर थेंब थेंब पाणी, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच. मीठ विरघळून पाणी साचलं तर जास्त झालं. झाकण आणि हायग्रोमीटर एका झिप पिशवीत, रात्रभर बंद. मिठाच्या वरची हवा ७५वर थांबते, उन्हाळा असो वा पावसाळा. काटा जितका कमी-जास्त दाखवेल तितकी त्याची चूक.

घाटवाट
मी माझं सांगून मोकळा होतो. इलेक्ट्रॉनिक पडद्याचा मुद्दा मान्य, धबधब्याला ८०डी बरा. एफ/८चाही मान्य, कारण टिटवी ऐकणार नाहीत. सावल्यांचा नाही. काजव्यांचं कोणी काढलंच नाही: मेअखेर राजमाचीला ३०-३० सेकंदांच्या शंभर फ्रेम घेऊन लाइटनमध्ये (प्रत्येक फ्रेममधला उजळ भाग ठेवून) एकावर एक रचायच्या असतात, काळी झाडी थोडी उचलावीच लागते, तिथे डी७२००च.

खंड्या
त्या फ्रेम घेताना लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा, नाही तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अंधाराचा फोटो काढत बसेल आणि निम्मे काजवे हुकतील. फोकस उजेडात करून मॅन्युअलवर टाकायचा. हे दोन्ही कॅमेऱ्यांत सारखंच होतं. तुमच्या निकॉनला विशेष काजवे येत नाहीत.

घाटवाट
येतात.

सोपाउपाय
मीठ लावलं होतं. सकाळी ६८ दाखवतोय. म्हणजे?

मळभ
म्हणजे ७ कमी दाखवतो. डब्यात ४५ बघून खूश असाल तर ते ५२ धरा, आणि आधी तो तांदूळ काढा.